‘वडखळ’चं ‘वडखल’ का होतं? बोलून टाइप करण्यासाठी माइक निवडताना काय बघायचं?

पेण तालुक्यातल्या हमरापूर किंवा जोह्यातला एखादा गणपतीचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. बाहेर पाऊस, डोक्यावर पत्रा, कोपऱ्यात रंगाचा कॉम्प्रेसर सुरू आणि हात रंगाने भरलेले. तेवढ्यात ऑर्डरचा फोन येतो. लिहून घ्यायला हात मोकळा नाही, म्हणून मोबाईलच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून कारागीर तपशील बोलतो. स्क्रीनवर मात्र ‘सव्वादोन फूट’चं नुसतं ‘दोन फूट’ उमटतं. हे वेळीच लक्षात आलं नाही, तर मूर्ती वेगळ्याच मापाची तयार होते.

रोह्यात एखाद्या वकिलाच्या कार्यालयात किंवा अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलावर हीच गोष्ट जास्त महागात पडते. सातबाऱ्यावरचं नाव, गट नंबर, गावाचं नाव यांतलं एक अक्षर बदललं तरी दुरुस्तीसाठी हेलपाटे मारावे लागतात.

असं दोन-चारदा झालं की बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: ‘आपलं बोलणंच शुद्ध नाही, मशीनला कसं कळणार?’ पेण-रोह्याच्या पट्ट्यात घराघरांत आगरी, कोळी बोली बोलली जाते. त्यामुळे दोष आधी बोलीवर येतो. पण अनेकदा खरी अडचण माइकची असते, आणि त्यातही माइकच्या किमतीपेक्षा तो कुठे ठेवलाय याची.

सॉफ्टवेअर नेमकं काय ऐकतं?

गूगलने ऑगस्ट 2017 मध्ये बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठीसह आठ भारतीय भाषांची भर घातली. तेव्हापासून ही सोय साध्या अँड्रॉइड फोनवरही आहे. लॅपटॉपवर क्रोम ब्राउझरमध्ये गूगल डॉक्स उघडून तिथेही मराठीत बोलून लिहिता येतं.

माणूस ऐकताना नुसत्या कानाने ऐकत नाही. समोरच्याचे ओठ दिसतात, विषय माहीत असतो, पंख्याचा आवाज मेंदू आपोआप बाजूला सारतो. सॉफ्टवेअरकडे यातलं फार थोडं असतं. माइकने जे पकडलं तेच त्याच्यासाठी सत्य. त्यात तुमचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस आणि शेजारच्या दुकानातलं गाणं असं सगळं एकत्र मिसळून येतं.

माइक हा आवाज मोजून त्याचे आकडे करतो. बोलणं ओळखणारी बहुतेक सॉफ्टवेअर्स सेकंदाला 16,000 वेळा घेतलेली मोजमापं वापरतात. त्यातून 8,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन कॉलमध्ये मात्र साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचतो. ‘स’ या अक्षरातली सळसळ बरीचशी त्याच्या वरच्या पट्ट्यात असते. म्हणूनच फोनवर आडनाव सांगताना ‘समईचा स की शहामृगाचा श?’ असं विचारावं लागतं. माइकने हा वरचा पट्टा गाळला, तर सॉफ्टवेअरलाही तोच प्रश्न पडतो. फरक इतकाच, की ते विचारत नाही, अंदाज बांधून मोकळं होतं.

सगळ्यात मोठी गोष्ट: अंतर

मोकळ्या जागेत तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं, की माइकपर्यंत पोहोचणारी आवाजाची ऊर्जा एक चतुर्थांश होते. आवाजाच्या मापात सांगायचं तर सुमारे 6 डेसिबलची घट. अंतर 5 सेंटीमीटरवरून 40 सेंटीमीटर झालं, म्हणजे तीनदा दुप्पट झालं, तर ही घट 18 डेसिबल होते. ऊर्जा उरते 64 वा हिस्सा.

पंखा, पाऊस आणि कॉम्प्रेसरचा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणजे माइक लांब गेला की तुमचा आवाज गोंगाटात बुडतो. तुम्ही ओरडून बोललात तर थोडा फरक पडतो, पण ओरडताना उच्चार बदलतात आणि नवीन चुका सुरू होतात.

दुसरी अडचण घुमण्याची. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि पत्रा असलेल्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. लांबच्या माइकला मूळ आवाज आणि त्याचे पडसाद एकावर एक ऐकू येतात. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांच्यातला बारीक फरक अशा वेळी पुसला जातो. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत मग सॉफ्टवेअरला फरक दिसत नाही.

म्हणून महागडा माइक टेबलावर हातभर लांब ठेवण्यापेक्षा काही शे रुपयांचा माइक तोंडाजवळ असणं कधीही चांगलं. 1997 साली ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ हे इंग्रजी डिक्टेशनचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, तेव्हा त्याच्या खोक्यातच हेडसेट माइक दिलेला असायचा, त्यामागचं कारणही हेच.

कोणता माइक कुणासाठी?

*मोबाईलचा स्वतःचा माइक:* शांत खोलीत हा पुरेसा आहे. बोलण्याचा मुख्य माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. फोन वीतभर अंतरावर धरा आणि त्या भोकावर बोट किंवा कव्हर येत नाही ना, ते बघा. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये तिथे प्लास्टरची किंवा रंगाची धूळ बसलेली असते. मऊ कोरड्या ब्रशने ती झाडा, सुई घालू नका.

*वायरचा इअरफोन:* वायरवर छोटा माइक असलेला साधा इअरफोन हा सगळ्यात स्वस्त उपाय. तो माइक हनुवटीजवळ येतो. फक्त वायर शर्टाला घासली की खरखर थेट आत जाते. एक चिमटा लावला की काम होतं.

*कॉलर माइक:* हात मोकळे हवे असतील तर हा सोयीचा. हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पण स्वस्त कॉलर माइक बहुधा सगळ्या दिशांचा आवाज सारखाच घेतात. शांत घरात उत्तम, कॉम्प्रेसरशेजारी त्रासदायक.

*यूएसबी हेडसेट:* रोज तास-दोन तास लॅपटॉपवर मजकूर बोलून लिहायचा असेल, तर सगळ्यात भरवशाचा हाच. माइकची दांडी तोंडाजवळ येते, मान वळवली तरी अंतर बदलत नाही. आवाजाचे आकडे करण्याचं काम हेडसेटच्या आतच होतं, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाची ‘स्स्स’ अशी खरखर टळते.

*ब्लूटूथ इअरबड:* इथे बरेच जण फसतात. गाणं सुंदर ऐकू येतं, म्हणून माइकही चांगला असेल असं वाटतं. पण माइक सुरू झाला की ब्लूटूथ सहसा फोन कॉलच्या पद्धतीवर जातं. जुन्या जोडणीत त्या वेळी सेकंदाला फक्त 8,000 मोजमापं पाठवली जातात, म्हणजे पुन्हा टेलिफोनसारखा अरुंद पट्टा. नवीन जोडणीत 16,000 मिळतात. शिवाय हा माइक कानाशी असतो, तोंडाशी नाही.

*टेबलावरचा माइक:* समोरून येणारा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारा ‘कार्डिऑइड’ प्रकार कार्यालयात चालतो. त्याची पाठ पंख्याकडे किंवा रस्त्याकडे करा. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या कार्यालयात एवढ्यानेही बराच फरक पडतो.

एकाच माइकसमोर चार जण बोलणार असतील, तर मात्र अपेक्षा कमी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 21 फेब्रुवारी 2023 रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बोलण्याचं थेट लेखन पहिल्यांदा करून बघितलं. तिथेही एकाच वेळी दोघे बोलले की अडचण येणार, हे उघड होतं. ग्रामसभेची किंवा सोसायटीची बैठक एका मोबाईलवर ‘आपोआप’ लिहून निघेल, असं समजू नका.

‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलंय, मग झालं ना?

खोक्यावरच्या ‘एएनसी’ या अक्षरांचा अर्थ नीट समजून घ्या. ती सोय तुमच्या कानांसाठी आहे. बाहेरचा गोंगाट तुम्हाला कमी ऐकू येतो, पण माइकला तो ऐकू येतोच. उलट, स्वतःला शांत वाटल्यामुळे माणूस हळू बोलायला लागतो.

माइकसाठीची सोय वेगळी असते. तिला बऱ्याच कंपन्या ‘ईएनसी’ म्हणतात. ती फोनवरच्या माणसाला आवाज स्पष्ट जावा म्हणून केलेली असते. गोंगाट कापताना कधी कधी ‘स’, ‘फ’, ‘ह’ अशी हलकी अक्षरंही कापली जातात. त्यामुळे ही सोय सुरू आणि बंद, दोन्ही करून बघावी.

पिन कुठे बसते?

3.5 मिलिमीटरच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतील, तर ती मोबाईलसाठीची. डेस्कटॉपच्या जुन्या गुलाबी भोकात तिचा माइक बहुधा चालत नाही, त्यासाठी जोडणी लागते. नवीन फोनमध्ये गोल भोकच नसतं, तेव्हा टाइप-सी पिनचा माइक बघावा लागतो. दुकानातून निघण्याआधी स्वतःच्या फोनला लावून बघा.

विकत घेण्याआधी दहा मिनिटांची चाचणी

आधी घरी आहे तोच माइक तपासा. एका कागदावर रोजच्या कामातली शंभर शब्दांची मराठी लिहा. त्यात जवळपासची गावं हवीत: वडखळ, कळवे, नागोठणे, कोलाड, धाटाव, घोसाळे. ‘ळ’, ‘ण’, ‘ठ’, ‘घ’, ‘ध’ यांची परीक्षा या नावांत आपोआप होते. सोबत सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन असे आकडेही घाला.

हा मजकूर फोनच्या रेकॉर्डरवर वाचा आणि कानाला इअरफोन लावून ऐका. तुम्हालाच ‘नागोठणे’ नीट ऐकू येत नसेल, तर सॉफ्टवेअरला दोष देऊन उपयोग नाही. ‘भ’, ‘फ’, ‘ख’ म्हणताना धप्प असा आवाज येत असेल, तर श्वासाचा झोत थेट माइकवर बसतोय. माइक ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला घ्या. आवाज फाटल्यासारखा येत असेल, तर माइकची पातळी कमी करा.

मग तोच मजकूर बोलून टाइप करा. चुकलेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजा. शंभरात किती, तो तुमचा आकडा. आता एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी पंखा बंद करा, मग फोन जवळ घ्या, मग इअरफोन लावा. प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवा. मध्येच आख्खी वाक्यं गायब होत असतील, तर नेटवर्कही तपासा, कारण अनेक सेवा तुमचा आवाज इंटरनेटवरून सर्व्हरला पाठवूनच ओळखतात. तो दोष माइकचा नाही.

माइकने जे होणार नाही ते

पंखा बंद, माइक दोन बोटांवर, रेकॉर्डिंग स्वच्छ, आणि तरीही चुका होत असतील, तर अडचण पलीकडे आहे. सॉफ्टवेअर ज्या बोलण्यावर शिकतं, तेच त्याला ओळखता येतं. ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ सप्टेंबर 2022 मध्ये आलं, तेव्हा ते एकूण 6 लाख 80 हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकलेलं होतं. त्यात मराठी बोलणं आणि त्याचं मराठीतलंच लेखन अशी सामग्री एक तासही नव्हती.

आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणणारा माणूस चुकीचं बोलत नाही, तो आपली भाषा बोलतो. कितीही चांगला माइक घेतला तरी तो ‘डोला’च ऐकवणार, आणि तेच त्याचं काम आहे. पुढचं काम बोली शिकवण्याचं आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि गूगल यांचा ‘वाणी’ प्रकल्प देशाच्या सगळ्या जिल्ह्यांतून बोलण्याचे नमुने गोळा करण्यासाठी आखला गेला. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या संग्रहात तर कुणालाही मराठीत वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो.

तोवर नावं, गट नंबर आणि मापं बोलून झाल्यावर डोळ्यांनी वाचून बघणं टळत नाही. फोनच्या कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोशाची सोय असेल, तर नेहमी लागणारी गावांची नावं तिथे एकदा नीट लिहून ठेवा. चुकलेला शब्द त्यामुळे हाताने दुरुस्त करायला कमी वेळ लागतो. आणि ‘सव्वादोन फूट’ बोललात, की ऑर्डर पक्की करण्याआधी ‘2.25’ असं आकड्यातही लिहा.