देवाचं हिरवं घर

दोस्तांनो, देवाला भेटायला कुठे जायचं? 'देवळात!' असं तुम्ही पटकन म्हणाल. पण कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी गावांत देवाचा पत्ता जरा वेगळा आहे. गावाबाहेर गच्च झाडी, आत एखादं लहानसं छप्पर, नाही तर नुसता शेंदूर लावलेला दगड. ही काळकाईची, वाघजाईची किंवा भैरोबाची देवराई!

इथला कायदा साधा. झाड तोडायचं नाही. काही गावांत तर वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. 'देवीचं आहे ते,' एवढं म्हटलं की झालं! ना कुंपण, ना पहारेकरी. तरी पिढ्यान् पिढ्या राया राखल्या गेल्या. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. आजूबाजूच्या उघड्या डोंगरांवरून नाहीशी झालेली झाडं-वेली त्यांना इथे सापडली.

आत काय काय असतं म्हणता? गारंबीच्या वेलाला चक्क मीटरभर लांब शेंगा लागतात. उंबराचं फूल कधी दिसत नाही, कारण इवली इवली असंख्य फुलं फळाच्या पोटातच दडलेली असतात. गांधीलमाशीच्या कुळातला एक चिमुकला कीटक आत शिरून परागकण पोचवतो. त्याच्यावाचून उंबराला बी नाही आणि उंबरावाचून त्याच्या पिल्लांना घर नाही! महाधनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. दाराला उरते फक्त एक फट. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. हे सारं कुणी जुळवलं असेल, असा विचार मनात आला की हात आपोआप जोडले जातात.

तेराव्या शतकात अरणचे संत सावता माळी यांनी हेच तर ओळखलं होतं. आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला.

पण आता एक मोठी अडचण उभी राहिली आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काही ठिकाणी रायांमधली जुनी झाडं तोडली गेली आणि तिथे सिमेंटची देवळं उभी राहिली. देवाला घर बांधायचं म्हणून देवाचंच घर मोडलं! देऊळ वर्षभरात बांधता येतं हो, पण धनेशाला हवी तशी ढोल तयार व्हायला झाडाला कित्येक वर्षं जुनं व्हावं लागतं.

म्हणून सुट्टीत गावी गेलात, की आजोबांना विचारा, 'आपली राई कुठे आहे?' त्यांच्याबरोबर जा. चपला बाहेर काढा, आवाज न करता थोडा वेळ बसा. येताना पानही तोडू नका. आणि राईत कुऱ्हाड शिरणार असं कानावर आलं, तर घरातल्या मोठ्यांना जरूर विचारा, 'देवाला हे आवडेल का?'