पाटणचं देऊळ कुणी बांधलं आणि मठ कुणी चालवला?

खानदेशात जुनं दगडी देऊळ दिसलं की आपण लगेच म्हणतो, हेमाडपंती आहे. आजचा विषय त्या सवयीपासूनच सुरू करू. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता चाळीसगावजवळच्या पाटणला चला. आपण अमळनेरकर त्या जागेला पाटणादेवी म्हणून ओळखतो. तिथल्या महादेवाच्या देवळातला लेख शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३ चा आहे. हेमाद्री मंत्री झाला त्याच्या शंभर वर्षं आधी हे देऊळ उभं होतं! चाळीसगाव तालुक्यातच वाघळीला शके ९९१ चा, म्हणजे १०६९ चा लेख आहे. तेव्हा ‘हेमाडपंती’ हा शब्द बांधणीची तऱ्हा सांगायला ठीक आहे, पण बांधणाऱ्याचं नाव म्हणून तो चालणार नाही.

मग बांधलं कुणी? पाटणला निकुंभ घराण्याचे मांडलिक राजे होते. त्यांच्यातल्या इंद्रराजाने हे महादेवाचं देऊळ सुरू केलं आणि त्याच्या मागे मुलगा गोवन याच्या काळात ते पुरं झालं. सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी, घाट उतरून खानदेशात येणाऱ्या वाटेवर हे नगर होतं. वरच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, म्हणजे ही वाट त्याहूनही किती जुनी ते बघा. आज नगर नाही, अभयारण्याचं जंगल आहे.

आता बांधणी समजून घेऊ. दगड आपलाच काळा बेसाल्ट. तो चुन्याने जोडलेला नाही. चिरे इतके नेमके घडवायचे की एकावर एक बसले की वरचं वजनच खालच्याला धरून ठेवतं. आधी उंच जोतं, त्यावर खांबांचा मंडप, मग अंतराळ, आणि शेवटी अंधारा गाभारा. या देवळांचे खांब नीट पाहा. एकच खांब खाली चौरस, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होत जातो. छत करताना कमान वापरत नाहीत. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकायच्या, की मोकळी जागा लहान होते. त्यावर पुन्हा तसाच थर द्यायचा. असं करत करत शेवटी एका शिळेने भोक बंद होतं. ही पद्धत मजबूत आहे, पण तिचं एक दुखणं आहे. सांध्यात पिंपळाचं मूळ शिरलं की चिरा सरकतो, आणि एक सरकला की त्याच्या भरवशावरचे सगळे सरकतात. म्हणून असं देऊळ बांधून संपत नाही. त्याच्याकडे दरवर्षी कुणीतरी बघावं लागतं.

इथून आपण मुख्य मुद्द्यावर येतो. बांधणं राजाला जमतं. चालवायचं कुणी? याचं उत्तर पाटणलाच, चंडिकादेवीच्या देवळातल्या शिलालेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्यावर शके ११२८ असून तो साधारण इ.स. १२०७ चा मानतात. ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि निकुंभ राजा सोइदेव याने चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला दान दिलं. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आपल्याला याच लेखातून कळते.

पण आमच्या मते लेखाचा शेवट जास्त मोलाचा आहे. वरचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे, आणि शेवटी भाषा बदलून मराठी येते. ज्ञानेश्वरीच्या ऐंशीएक वर्षं आधीची मराठी! त्यात काय सांगितलंय? पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो हिस्सा मिळे, तो मठाला. ब्राह्मणांनी आपला हक्क दिला. नगराने दामाचा विसावा भाग दिला. कुठे पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे जे मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं, मापाईतला अर्धा वाटा मठाचा.

भाषा का बदलली असेल? आम्हाला वाटतं कारण सरळ आहे. राजाची स्तुती विद्वानांनी वाचायची होती. पण तेल घाणेवाला देणार, सुपारी गिऱ्हाईक देणार. त्याला आपलं देणं किती हे कळलं पाहिजे, आणि कुणी जास्त मागितलं तर दगडाकडे बोटही दाखवता आलं पाहिजे. मापाचंही तेच. ज्या मापावर विकणारा आणि घेणारा दोघांचा विश्वास, ते माप मठात. म्हणजे मठ गणित शिकवत होता आणि बाजाराचं मापही सांभाळत होता.

याच काळात युरोपात गावोगावची चर्च उभी राहत होती. तिथे धर्मकार्यासाठी पिकाचा दहावा भाग द्यावा लागे. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत, ग्रॅनाइटची चर्च आहेत. पुढच्या काळात अशा चर्चचा जमाखर्च गावकऱ्यांचं मंडळ बघू लागलं. देव वेगळा, दगड वेगळा, पण व्यवहार ओळखीचाच. इमारत वर्गणीवर जगते. आणि अमळनेरकरांना घाण्याच्या तेलाचं महत्त्व आम्ही काय सांगावं! १९४५ साली विप्रोची सुरुवात इथे तेलाच्या कारखान्यानेच झाली.

आता शेवटची गोष्ट. लेखातला तो मठ आज दिसत नाही. भास्कराचार्यांचं गणित तिथे शिकवणंही कधीच थांबलं. महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. चंडिकेच्या देवळात मात्र आजही नवरात्रात माणसांची रीघ असते, आणि लेखही तिथेच आहे. राबत्या देवळात दगडाकडे लक्ष राहतं. पण त्याच राबत्यात धोकाही आहे. जीर्णोद्धार म्हणून फरशी बसते, ऑइलपेंटचा हात फिरतो, आणि अक्षरं बुजतात. तेव्हा आपल्या गावच्या देवळाचं काम निघालं, तर रंगाचा डबा उघडण्याआधी भिंती, खांब आणि उंबरा नीट बघा. अक्षरं दिसली तर फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि तोवर काम थांबवा. पळीभर तेलाचा हिशेब आठशे वर्षं टिकला, तो कुणी त्यावर रंग फासला नाही म्हणून.