गाठ ओळखता येते, तिचा बेत नाही

ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर ही अंडाशयाची दुर्मिळ गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशींची केंद्रकं मधोमध खाच असलेल्या कॉफीच्या बीसारखी दिसतात. इन्हिबिन, कॅलरेटिनिन हे मार्कर निदानाला बळ देतात. २००९मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांना प्रौढ प्रकारच्या जवळपास प्रत्येक गाठीत ‘फॉक्सएल२’ जनुकातला एकच बदल सापडला, हे मोठंच यश. पण यातून गाठ कोणती ते कळतं. ती परतेल का, हे नाही. त्यासाठी आजही मुख्यतः आजाराची स्टेज आणि गाठ फुटली होती का, हेच पाहतात. ती वीस वर्षांनीही उलटू शकते. म्हणून पाच वर्षं निर्धोक गेली तरी तपासण्या सोडू नयेत. रक्तातलं इन्हिबिन-बी वाढू लागलं, तर लक्षणांच्या आधीच सुगावा लागू शकतो.