उसन्या वेशातून आपली शैली

पुरुषांचा पोशाख म्हणजे शर्ट, पँट आणि लग्नकार्यापुरता सूट, हे समीकरण आता मागे पडले आहे. अमेरिकी विद्यापीठांतील नीटनेटका 'आयव्ही' वेश, इंग्लंडची घडीव शिलाई, इटलीतील सैलसर कोट, कामगारांची जीन्स आणि भारतीय बंदगळा असे सारे काही एकाच दुकानात टांगलेले दिसते. निवड वाढली, तसा गोंधळही वाढला. एखादी शैली जशीच्या तशी उचलली, तर माणूस नाटकातील पात्रासारखा दिसतो. सगळ्यांतले थोडे थोडे घेतले, तर पोशाखाची भेळ होते. मग निरनिराळ्या परंपरांतून नेमके घ्यायचे काय आणि सोडायचे काय? या संदर्भात जपानचा अनुभव बोलका आहे.

गिंझातील धरपकड

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये विद्यार्थ्यांना गणवेश आणि नोकरदारांना गडद सूट, एवढाच पर्याय रूढ होता. 'व्हॅन जॅकेट' या कंपनीचे संस्थापक केन्सुके इशिझु यांनी १९५९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाला भेट दिली आणि तेथील विद्यार्थ्यांचा पेहराव जपानी तरुणांपुढे ठेवला. ही नवलाई सर्वांनाच मानवली नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर, सप्टेंबर १९६४ मध्ये, गिंझा भागात अशा कपड्यांत रेंगाळणाऱ्या तरुणांची पोलिसांनी धरपकड केली. पुढच्याच वर्षी अमेरिकी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे 'टेक आयव्ही' हे पुस्तक जपानमध्ये प्रसिद्ध झाले.

इशिझु यांनी केवळ कपडे विकले नाहीत, तर त्यांचे नियमही समजावून दिले. वेळ, स्थळ आणि प्रसंग पाहून वेश ठरवावा, हे त्यांचे सूत्र 'टीपीओ' या नावाने जपानी बोलचालीत रुळले. व्हॅनचे दिवाळे १९७८ मध्ये निघाले. शिस्तीने केलेला हा अभ्यास मात्र वाया गेला नाही. 'टेक आयव्ही'ची इंग्रजी आवृत्ती २०१० मध्ये निघाली आणि अमेरिकी वाचक आपल्याच जुन्या पेहरावाकडे जपानी नजरेतून पाहू लागले. ओकायामा प्रांतातील कोजिमा येथे तयार होणाऱ्या जीन्सला तर जगभरातील शौकिनांची पसंती मिळाली. अनुकरणाने सुरू झालेला प्रवास स्वतःच्या शैलीपर्यंत पोहोचला, तो असा.

प्रत्येक टाक्यामागे कारण

उसनवारी यशस्वी व्हायची, तर मूळ वस्त्र तसे का घडले, हे ठाऊक हवे. शर्टाच्या कॉलरची टोके बटणांनी अडकवण्याची पद्धत पोलो खेळाडूंकडून आली. घोडदौडीत कॉलर तोंडावर उडू नये, हा तिचा हेतू. जीन्सच्या खिशांवरील धातूच्या रिव्हेट्सचे पेटंट जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना १८७३ मध्ये मिळाले. कष्टाच्या कामात खिसे उसवू नयेत, एवढीच त्यामागची गरज होती.

आपल्याकडील हवामानाच्या दृष्टीने नेपल्सचे उदाहरण अधिक उपयोगी आहे. इंग्रजी कोट जाड, आतून ताठ आणि खांद्यात भरीव असे. १९३० च्या दशकात नेपल्समधील रुबिनाची यांच्या 'लंडन हाउस' या दुकानात विंचेंझो अत्तोलिनी या कारागिराने त्यातील भरणा आणि अस्तर कमी करून कोट शर्टासारखा हलका केला. मुंबईच्या दमट उकाड्यात कोट घालणे भाग असेल, तर इंग्रजी नमुन्यापेक्षा सुती वा लिननचा, अर्धे अस्तर असलेला असा कोट केव्हाही सोयीचा.

या देवघेवीत भारत केवळ घेणारा नव्हता. खाकीचा लष्करी वापर १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर सुरू झाला. अमेरिकेत उन्हाळी पोशाख म्हणून गाजलेल्या चौकडीच्या कापडाला 'मद्रास' हेच नाव आहे. तर 'डंगरी' या शब्दाचा उगम मुंबईतील डोंगरीशी जोडला जातो.

मिश्रणाचे व्याकरण

प्रत्यक्षात काही पथ्ये पाळली, तरी पुरेसे होते. एका पोशाखात एकच शैली यजमान असावी. बाकीच्यांनी पाहुण्यासारखे एखाद-दुसऱ्या वस्तूपुरते यावे. गडद रंगाची साधी जीन्स, खादीचा शर्ट आणि कोल्हापुरी चपला यांचे जमते, कारण तिन्ही वस्तू दणकट आणि अनौपचारिक आहेत. तीच जीन्स रेशमी, जरीकाम केलेल्या बंदगळ्याखाली विजोड वाटते, कारण दोघांच्या औपचारिकतेत फार अंतर आहे. हाच बंदगळा साध्या सुती कापडाचा असेल, तर ते अंतर मिटते.

शैलीइतकेच माप महत्त्वाचे. कोटाचा खांदा चुकला, तर तो दुरुस्त करणे शिंप्यालाही जड जाते. कंबर, बाहीची लांबी आणि पँटची उंची मात्र सहज बदलता येते. म्हणून तयार कोट घेताना आधी खांदा पाहावा. रंगही दोन-तीनच ठेवावेत. निळा, राखाडी, पांढरा आणि खाकी यांची एकमेकांशी सहज सोबत होते.

ऋण मान्य करावे

उसनवारीला सौजन्याचीही बाजू आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे 'प्राडा'च्या पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरी धाटणीच्या चपला अवतरल्या, पण त्यांच्या उगमाचा उल्लेख नव्हता. टीकेनंतर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. या चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि महाराष्ट्र व कर्नाटकातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या व्यवसायावर चालतो. वस्तू कुठून आली, हे सांगितले की कारागिराचे नाव आणि बाजारपेठ दोन्ही टिकतात.

स्वतःची शैली घडवण्यासाठी कपाट रिकामे करण्याची गरज नाही. असलेल्या कपड्यांतील नेहमी वापरले जाणारे आणि न वापरता पडून राहणारे वेगळे केले, तरी आपला कल कळतो. त्यानंतर एखादीच नवी वस्तू घ्यावी आणि ती आधीच्या किमान तीन कपड्यांशी जुळते का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.