वारीची वाट : ओळखीची की नवी?

ज्येष्ठ वद्य पक्ष जवळ आला, की पुण्यातील आमच्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास येतो. वर्षानुवर्षे माउलींच्या पालखीबरोबर चाललेले, आता संधिगत वाताने जर्जर झालेले वारकरी विचारतात, "वैद्यराज, दिवेघाट झेपत नाही. यंदा तुकोबांच्या वाटेने जाऊ का? वारी मात्र चुकवायची नाही."

पुण्यातील मुक्कामानंतर दोन्ही पालख्यांच्या वाटा हडपसरला वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते. एका दिवसात सुमारे ३० किलोमीटर चाल पडते. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. तेथे आरंभ सपाट खरा. परंतु पुढे पाटसजवळ रोटी घाट आहेच.

वाग्भटांनी बलवानासही शीतकाळी व वसंतातच अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत त्याहून अल्प. वारी तर ग्रीष्म-वर्षांच्या संधिकाळी येते. म्हणून आम्ही वाट नव्हे, मात्रा बदलावयास सांगतो. जुन्या दिंडीतील सोबती रुग्णाची चाल, पथ्य व औषधाची वेळ जाणतात. हा आधार सोडू नये. हडपसर ते सासवड वाहनाने जावे, पुढे झेपेल तेवढे पायी. प्रथमच निघणाऱ्याने मात्र लोणीची वाट अवश्य धरावी.

महिनाभर आधी चालण्याचा सराव व रात्री तिळतेलाने पादाभ्यंग करवावा. मधुमेही वारकऱ्यास अनवाणी चालू देऊ नये. औषधालयचालकांनी तेल व सुंठ लहान मापांत ठेवावी. पडशीत मोठी बाटली मावत नाही.