खासगी क्षेत्राचे अपुरे कर्तव्य

१ डिसेंबर हा दिवस जागतिक एड्स दिन म्हणून १९८८ पासून पाळला जात आहे. त्या दिवशी छातीवर तांबड्या फिती लावल्या जातात, सभागृहांतून व्याख्याने होतात, बड्या कंपन्यांचे संदेश वृत्तपत्रांतून झळकतात आणि २ डिसेंबरला सारे पुन्हा स्थिरस्थावर होते. रुग्णाला मात्र २ डिसेंबरलाही गोळी घ्यावयाची असते, ३ डिसेंबरलाही घ्यावयाची असते आणि पुढे आयुष्यभर घ्यावयाची असते. वर्षातून एकदा जागी होणारी सहानुभूती आणि रोजची निकड यांमध्ये पडलेले हे अंतर भरून काढण्यात खासगी क्षेत्राचा वाटा कोणता, या प्रश्नाचा आपल्याकडे व्हावा तितका विचार झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासानेच देऊन ठेवले आहे. १९८६ साली मद्रासेत एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले आणि १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. परंतु पुढे प्रभावी ठरलेल्या तीन औषधांच्या संयुक्त उपचाराचा खर्च पाश्चात्त्य देशांत दर माणशी दरसाल दहा हजार डॉलरांच्या घरात होता. गरिबाने रोगाचे नाव ऐकावे आणि आशा सोडावी, असा तो काळ होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला आणि जगाचा हिशेब पालटला. हे कर्तृत्व खासगी कंपनीचे, यात शंका नाही. पण औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता केवळ ते तयार करण्याच्या कृतीवर पेटंट देणारा १९७० चा कायदा नसता, तर ही कंपनी काय करू शकली असती? औषधांपुरती ती तरतूद २००५ साली बदलली. तिने दिलेला धडा मात्र बदललेला नाही. खासगी उद्योग मोठे लोकहित साधू शकतो, पण त्यासाठी दार सार्वजनिक धोरणाने उघडून द्यावे लागते.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१ कोटींहून अधिक रुपयांची तरतूद स्वतःच्या तिजोरीतून केली. या स्वावलंबनाचे मोल काय, हे जानेवारी २०२५ मध्ये दिसून आले. अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली आणि तिच्यावर विसंबलेल्या आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांचा कारभार विस्कळीत झाला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान ओंजळवाल्याच्या मर्जीवर असते.

मग आपल्याकडे खासगी क्षेत्राकडे मागावयाचे काय? आमच्या मते, देणगीपेक्षा अधिक मोलाच्या दोन गोष्टी मागावयाच्या आहेत: रुग्णाचा वेळ आणि रुग्णाची अब्रू. औषध मोफत असले, तरी ते आणण्यासाठी मोडणारा दिवस मोफत नसतो. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराने रुग्णालयाच्या रांगेत दिवस घालविला, तर त्याची मजुरी बुडते. कारण सांगून रजा मागितली, तर नोकरी बुडण्याची भीती. अशा माणसाची गोळी एकदा चुकते, दोनदा चुकते आणि पुढे औषधालाच न जुमानणारा विषाणू बळावतो. ही हानी त्याच्या एकट्याची राहत नाही.

यावरील उपाय काही अद्भुत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाने औषधे पुरवावीत आणि कंपनीने जागा, डॉक्टर व व्यवस्था द्यावी, या तत्त्वावर अंधेरीत लार्सन अँड टुब्रोने उपचारकेंद्र चालविले. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातील केंद्रास बजाज उद्योगसमूहाचे साहाय्य लाभले. दक्षिण आफ्रिकेत अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीने २००२ साली आपल्या कामगारांना मोफत औषधे देण्याचे ठरविले. शिकविलेला कामगार गमावण्यापेक्षा त्याला जगविणे स्वस्त पडते, हा व्यवहारही त्यात होता आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र अशा केंद्राचे दार हजेरीपटावरील कायम नोकरापुरते उघडे राहिले, तर ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज तो कंत्राटी मजूर बाहेरच उभा राहतो.

अब्रूच्या रक्षणासाठी तर कायदाच आहे. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणाने, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितले. सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली, गुप्ततेचे बंधन घातले आणि शंभर वा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत, तसेच वीस वा अधिक माणसांच्या आरोग्यसंस्थेत, तक्रार अधिकारी नेमणे आवश्यक ठरविले. आमच्या वाचकांपैकी किती जणांना आपल्या कचेरीतील या अधिकाऱ्याचे नाव ठाऊक आहे? ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, त्याच्याकडे तक्रार घेऊन कोण जाणार?

खासगी डॉक्टरांची जबाबदारीही लहान नाही. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून सरकारी केंद्र टाळून, ऐपत नसताही खासगी दवाखान्याची पायरी चढणारे रुग्ण असतात. संमती व समुपदेशनाशिवाय चाचणी करणे, निष्कर्ष नातेवाइकांच्या कानी घालणे किंवा शस्त्रक्रिया टाळण्यासाठी रुग्णाला दुसरीकडे धाडणे, हे प्रकार वैद्यकधर्मास शोभणारे नाहीत. उलट, पैसे संपताच उपचार थांबणार असे दिसल्यावर रुग्णाला हाती धरून मोफत केंद्राशी जोडून देणारा डॉक्टर त्याचा जीव वाचवितो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, हा नियम २०१४ पासून आहे. त्यातील काही वाटा या कामी यावा, हे योग्यच. पण एका वर्षी द्यावयाचा आणि पुढच्या वर्षी विसरावयाचा निधी आयुष्यभराच्या रोगास पुरत नाही. मदत करावयाची असेल, तर ती अनेक वर्षांच्या लेखी करारानेच केली पाहिजे.

२०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत होते आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. त्यांतील पुष्कळसे आमच्याच शहरांतून कामावर जाणारे आहेत. कारखानदारांनी येत्या १ डिसेंबरला नवी फीत लावण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: तक्रार अधिकाऱ्याचे नाव फलकावर आहे काय, औषध आणावयास जाणाऱ्याला कारण न विचारता पगारी रजा मिळते काय, आणि हे दोन्ही कंत्राटी कामगारास लागू आहे काय? या तिन्हींना ‘होय’ असे उत्तर ज्यांना देता येईल, त्यांनी ती फीत अवश्य लावावी.