अंगणात उतरलेला रोझेला

आमच्या ऑकलंडच्या उपनगरात हिरवळीवर गवताचं बी टिपणारी ईस्टर्न रोझेला पोपटांची जोडी दिसली! डोकं-छाती लालभडक, गाल पांढरेशुभ्र, पंखांच्या कडा निळ्या. पाठीवरच्या काळ्या पिसांना पिवळसर-हिरवी किनार असते. फोटो झूम केला की ती नक्षी काय सुंदर दिसते! मूळचा हा आग्नेय ऑस्ट्रेलियाचा. १९१०च्या सुमारास न्यूझीलंडच्या दक्षिणेत डनेडिनजवळ काही पक्षी सोडले गेले. इकडे उत्तरेत पिंजऱ्यातून सुटलेल्यांचा वंश वाढला. घरटं झाडाच्या ढोलीत करतो, त्यामुळे इथल्या मूळच्या काकारिकी पोपटांना जागेसाठी स्पर्धा होते, म्हणून मी दाणे टाकत नाही. फोटो काढताना एक्सपोजर किंचित कमी ठेवा, नाहीतर उन्हात पांढऱ्या गालांवरचा सगळा तपशील जातो.